एकोणीस नंबरचा पैलवान

दोन हजार तेवीस साल. माझं वय आधार कार्डावर एकाहत्तर, आईच्या सांगण्यावरून चौऱ्याहत्तर. मी जन्मलो तेव्हा आई शुद्धीत नव्हती आणि सरकार हजर नव्हतं, त्यामुळं कुणाचं खरं धरायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. त्या साली मी माझ्या हातानं एक खोटा पैलवान तयार केला. दुसऱ्याचा खोटेपणा पकडण्यात आमच्या भागात माझं नाव होतं, म्हणून आधी माझाच सांगून मोकळा होतो.

शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांनी कानाखाली दिली, मी उलटून दिली नाही, पण परत गेलोही नाही. अंकवाले म्हणाले, "काका, तुमच्या भाषेत लिहा." माझ्या भाषेत लिहिलं तर ते छापणार नाहीत, म्हणून थोडं धुऊन लिहितोय.

वडवणीला स्टँडच्या मागं माझं फ्रेमचं दुकान. पन्नास वर्षं तिथंच. माझी गिऱ्हाइकं तीन जातीची: देव, मेलेली माणसं आणि नवीन लग्न झालेली जोडपी. तिघंही फोटोत तक्रार करत नाहीत, म्हणून धंदा सुखाचा. पण माझं नाव झालं ते त्यांच्यामुळं नाही. ते झालं पैलवानी पत्त्यांमुळं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मिसरूड फुटायच्या वयाचा होतो तेव्हा एका चहावाल्या कंपनीनं चहाच्या पुड्यात एकेक पत्ता टाकायला सुरुवात केली. पत्ता म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठा, जाड कागदाचा. पुढून लंगोटातल्या पैलवानाचा रंगीत फोटो. मागून नंबर, नाव, गाव, वजन आणि आवडता डाव. एकूण छत्तीस पैलवान, सगळे आपल्याच मुलखातले. छत्तीस जमवून आणणाऱ्याला कंपनी पितळेचा डबा देणार होती. लोकांनी इतका चहा पिला की काही घरांत म्हातारी माणसं रात्र रात्र टक्क जागी राहायची. डबा मात्र कुणालाच मिळाला नाही, कारण एकोणीस नंबर कुणालाच सापडला नाही. कुणी म्हणायचं त्याचा ठसा फुटला. कुणी म्हणायचं डबे वाचवायला कंपनीनं तो छापलाच नाही. मी धंदेवाला माणूस, मला दुसरं पटतं. पुढं कंपनीच बसली, पत्ते तेवढे राहिले.

हे पत्ते फ्रेम करून घ्यायला पहिल्यांदा परळीचे एक गुरुजी आले. अकरा पत्ते, जिवापाड जपलेले. मी काय करावं? फ्रेमवाल्याचा हात चौकोन सरळ करायला शिवशिवतो. पत्त्यांच्या कडा थोड्या झिजलेल्या, कोपरे गोल झालेले. मी कटर घेतला, पट्टी ठेवली आणि अकराच्या अकरा चारी बाजूंनी असे तासले की एका रांगेत सैनिक उभे राहावेत. मग मोरचूद घातलेली खळ लावून हार्डबोर्डावर घट्ट चिकटवले. गुरुजी खुश, मी खुश. तीन-चार वर्षांनी पुण्याचे एक जमवणारे साहेब गुरुजींकडं आले. भिंतीकडं बघितलं आणि मयतीला आल्यासारखे डोळे मिटून उभे राहिले. त्यांचं म्हणणं, जुन्या पत्त्याचं मोल निम्मं कडेत असतं आणि निम्मं पाठीवर. मी दोन्ही मारून टाकलं होतं. गुरुजी मला एवढंच म्हणाले, "जाऊ द्या हो. सरळ तर दिसतायत." शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो.

त्या दिवसापासून मी शिकलो. जुन्या पत्त्याला कटर लावायचा नाही. खळ, फेविकॉल, टेप यातलं काही त्याच्या अंगाला लागू द्यायचं नाही. लॅमिनेशन तर नावच काढायचं नाही, ते जिवंत माणसाला प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यासारखं आहे. मी माझी एक रीत बसवली. पुढंही काच, मागंही काच. मधे पत्ता, त्याचे चार कोपरे चार कागदी टोप्यांत अडकवलेले, बाकी सगळा मोकळा. फ्रेम भिंतीवर बिजागरीनं लावायची, खिडकीच्या पाखासारखी, म्हणजे फिरवली की पाठ वाचता येते. आणि वरच्या पट्टीला बारीक भोकं पाडायची, आत हवा खेळायला, नाहीतर पावसाळ्यात काचेला घाम येतो आणि कागदावर बुरशी चढते. पुण्याचे साहेब पुढं मुद्दाम वाट वाकडी करून ही फ्रेम बघायला आले आणि म्हणाले, "काका, हे कुठं शिकलात?" मी म्हणलं, "गुरुजींकडं."

खोटे पत्तेही ओळखायला लागलो. एकदा एक व्यापारी सहा पत्ते घेऊन आला. पिवळेधमक, डागाळलेले, अगदी पणजोबांच्या काळातले. मी नाकाला लावले. माणूस घाबरला.

"काय करताव काका?"

"चहा पितोय."

"म्हंजे?"

"बाबा, पत्ता चहाच्या पुड्यात असायचा. कोरड्या. तू दुधाच्या चहात भिजवलास. आल्याचा वास येतोय."

त्यानंतर तो दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून जायचा.

माझे स्वतःचे पस्तीस पत्ते जमायला चाळीस वर्षं लागली. न्हाव्याच्या आरशामागून काढले, फडताळाच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखालून काढले. एका पत्त्याच्या बदल्यात तीन देव फ्रेम करून दिले, लक्ष्मी धरून. एकोणीसचा नाद सोडला होता. लोक पत्ते बघायला दुकानात यायचे, पण दुकानात भिंत कसली, सगळीकडं देव. मला ते पस्तीस एका मोठ्या भिंतीवर, तालमीत लावायचे होते. जिथं पैलवान घाम गाळतात तिथं. एवढीच हौस.

इथं आमच्या भागातले एक पुढारी आले. नाव घेत नाही, बापूसाहेब म्हणू. जमीन भरपूर, गाड्या तीन, आणि निवडणूक तोंडावर. त्यांनी स्वतःच्या गावात नवी तालीम बांधली होती, फरशीची, वर पत्र्याऐवजी स्लॅब. स्वर्गवासी वडलांचं नाव दिलेलं. वडील म्हणजे आप्पा. आप्पांना मी ओळखत होतो. ते कुस्त्या लावायचे, खेळायचे नाहीत. वजन होतं, पण ते लोडाला टेकून आलेलं.

बापूसाहेब दुकानात आले, खुर्चीवर बसले, देवांकडं बघून एकदा हात जोडले.

"काका, तुमचे पत्ते आमच्या तालमीत लावायचे. सगळी भिंत तुमची."

मला आनंद झाला. तो लपवता आला नाही, ही माझी पहिली चूक.

"फक्त एक हाय," बापूसाहेब म्हणाले. "एकोणीस नंबर कुणी बघितलाय?"

"कुणीच न्हाई."

"मग ते आमचे आप्पाच असतील."

मी म्हणलं, "असं कसं? आप्पा कधी लंगोट लावून उतरले न्हाईत."

"कुणी बघितलं न्हाई म्हणून उतरले न्हाईत असं थोडंच हाय. पत्ता पण कुणी बघितला न्हाई."

या बोलण्याला उत्तर असतं, पण ते सुचायला मला दोन दिवस लागतात. मी सरळ सांगितलं, मी खोटा पत्ता करणार नाही. बापूसाहेबांनी वाद घातला नाही. उठले, चप्पल पायात सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. तुमचं वय झालं. तसं बारीक काम आता तुमाला जमणार बी न्हाई. संभाजीनगरला एक जण हाय, त्याला सांगतो."

पैसे दाखवले असते तर मी हाकलून दिलं असतं. सत्कार म्हणले असते तर हसलो असतो. पण जमणार नाही म्हणाले. मी म्हणलं, "बसा."

आता यात मला जे वाटलं ते खरं लिहितो: मजा आली. कागद मिळवला एका जुन्या लग्नपत्रिकेचा, त्याच काळातला, त्याच जाडीचा. झेरॉक्सच्या दुकानात सुनीताबाई बसतात, त्यांच्याकडं कॉम्प्युटर. आप्पांचा लंगोटातला फोटो असायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांचं डोकं सात नंबरच्या पैलवानाच्या धडावर बसवायचं ठरलं.

सुनीताबाई म्हणाल्या, "काका, ओळखू येईल. मांड्या सेम टू सेम."

"उलट करा. डावी उजवीकडं."

"आणि हा प्रिंटर साधा आहे. ही शाई पाण्याला टिकत नाही. थेंब पडला तरी पसरते."

"काचेत जाणार आहे. पाणी कुठून येतंय?"

बाईंनी छापून दिलं. मागच्या बाजूला आवडता डाव काय लिहायचा म्हणून मी बापूसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सगळेच लिहा." मी 'धोबीपछाड' लिहायला सांगितलं, कारण निवडणुकीला तोच शोभतो. मग कागद उन्हात ठेवला, पाठीला चुलीचा धूर दिला, कोपरे बोटानं घासून गोल केले. आठ दिवसांनी तो पत्ता मी माझ्या पस्तीसांत ठेवला आणि स्वतःलाच ओळखायला लावला. हात क्षणभर अडखळला. मला अभिमान वाटला. ज्याला जमणार नाही म्हणाले त्यानं स्वतःलाच फसवून दाखवलं, यापेक्षा मोठा गाढवपणा कुठला असतो ते मला अजून कळलेलं नाही.

मांडणी बापूसाहेबांनी ठरवली. डावीकडं मोठ्या फ्रेममध्ये एक ते अठरा. उजवीकडं वीस ते छत्तीस. आणि मधे, वेगळ्या फ्रेममध्ये, एकटा एकोणीस. सगळ्या फ्रेमा माझ्याच रीतीनं, बिजागरीवर, तालमीत बसवून आलो. उद्घाटनाला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, उंची दारापेक्षा जास्त. मेंढकं माणूस. कान बघितले आणि मी उठून उभा राहिलो, कारण दोन्ही कान चुरगळून भजी झालेले होते. असे कान मेंढरामागं फिरून होत नाहीत. मातीत डोकी घासून होतात.

"पत्त्यावाला तूच का बे?" त्यानं विचारलं.

"मीच. बसा बाबा."

"आमी उमापूरकडले. मेंढरं तुमच्या शिवारात बसिवल्यात, खतासाठी. रानाचा मालक म्हणला, एक फ्रेमवाला पैलवानाचे पत्ते लावतोय तालमीत." त्यानं कनवटीची तंबाखूची डबी काढली. पितळी, चपटी. तंबाखू एका बाजूला सारून खालचा मेणकागद उघडला. आत पत्ता होता.

मी हात धुऊन आलो, पुसले, मग हातात घेतला. बावीस-तेवीस वर्षांचा गडी, छाती अशी की फोटोवाल्याला मागं सरकावं लागलं असेल. कडा झिजलेल्या, मधोमध एक घडी. पाठ फिरवली. नंबर एकोणीस. भिवा, पुढं गावाचं नाव, वजन. आवडता डाव एकलंगी. कान तेव्हाही तसेच.

"कंपनीचा फोटोवाला जत्रेत आलता," भिवाबाबा सांगत होते. "म्हणला, नमुन्याचे पाचच छापलेत, हे घे एक. बाकीचे आले की पुड्यात घावतील. मी लई चहा पिला. घावलाच न्हाई."

"एवढी वर्षं कुणाला दाखवला न्हाई?"

"दाखवला की. सुना हसत्यात. म्हणत्यात, मामंजी, हे कुणाचं बी असंल, तुमी ह्याच्यात कुठं हाव." त्यांनी पत्त्याकडं एकदा बघितलं. "त्यांचं बी खरं हाय. मी बी वळखत न्हाई."

"फ्रेम करून देऊ?"

"फ्रेमीला भिंत लागती ना. आमाला कुठं भिंत. आठ महिनं मेंढरामागं, चार महिनं गावाकडं कुडाच्या खोपीत." ते थोडं पुढं वाकले. "तुजे पस्तीस हायती म्हणं. ह्यो लाव त्यात. माज्याकडं भिंत न्हाई, तुज्याकडं हाय. लोकांनी बघावं एवढंच. मंग म्हातारीला अन् सुनांना आणून दाखवतो."

त्या भिंतीवर त्यांची जागा होती, मधोमध, आणि तिथं मी लोडाला टेकलेला माणूस उभा करून आलो होतो. मी म्हणालो, "ठेवून जा बाबा. बघतो." हे 'बघतो' मी गिऱ्हाइकाला तेव्हा म्हणतो जेव्हा काम होणार नसतं.

त्यांनी डबी उघडीच ठेवून पत्ता माझ्याकडं दिला. पावती मागितली नाही. उद्घाटन कधी ते विचारलं आणि काठी टेकत गेले.

संध्याकाळी बापूसाहेबांच्या वाड्यावर गेलो. पत्ता दाखवला नाही, नुसतं सांगितलं. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा हातात धरून विचार केला.

"मेंढरामागचं म्हातारं?"

"पैलवान हाय. एकोणीस नंबर त्यांचाच हाय, छापलेला हाय."

"मग सदतीस करा."

"काय?"

"सदतीस नंबर द्या त्याला. खाली कोपऱ्यात लावा. आपण काय कुणावर अन्याय करत न्हाई."

"पत्ते छत्तीसच हायत."

"तुमीच म्हणता, कंपनी बुडाली. आता कोण मोजायला येतंय." त्यांनी तुकडा कालवणात बुडवला. "आन् ते जमत नसंल तर पत्ता ठेवा तुमच्या पेटीत. मेंढरं चार दिसांत हलतेत. मागं वळून बघतेत का ती?"

मी घरी आलो. भांडलो नाही. माझी पस्तीस पत्त्यांची हौस त्यांच्या भिंतीवर टांगलेली होती, आणि आप्पांचा पत्ता माझ्या हातचा होता. तो खोटा आहे म्हणायचं तर कुणी केला तेही सांगावं लागणार. दहा दिवस मी लोकांच्या लक्ष्मी आणि गणपती फ्रेम केले आणि स्वतःला समजावत राहिलो की म्हातारा येणारच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, डीजे, मोठ्या पुढाऱ्यांचे फलक. जितके फलक होते तितके पैलवान नव्हते. माझ्या फ्रेमांना चंदनाचे हार घातले होते, म्हणजे एकोणीसला घातला होता, बाकीच्या पस्तीसांना झेंडूही मिळाला नव्हता. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. आणि मांडवाच्या कडेनं भिवाबाबा येताना दिसले. पागोटं नवीन, धुतलेलं धोतर. मागं त्यांची म्हातारी आणि डोक्यावर पदर ओढलेल्या दोन सुना.

मी उठून गेलो नाही. खुर्ची सोडायची लाज वाटली की तोंड दाखवायची, आजही सांगता येत नाही.

ते सरळ तालमीत गेले, मधल्या फ्रेमपुढं उभे राहिले, ती बिजागरीवर फिरवून पाठ बघितली आणि परत सरळ केली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मेंढरं मोजणाऱ्याला आकडा येतो. मागं वळून त्यांनी मला बोटानं बोलावलं. मग मात्र गेलो.

"एकावर नऊ. म्हंजे एकुणीस ना?"

"हो."

"ह्यो कोण?"

"बापूसाहेबांचे वडील. आप्पा."

"कुठं खेळला?"

"खेळले न्हाईत."

"मंग?"

धाकटी सून पदराआडून हसली. म्हातारी तिच्यावर डाफरली, "गप गं." भिवाबाबा आप्पांच्या पायाकडं बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या मांड्या त्या सातव्याच्या हायत. त्याच्यासंगं मी खेळलोय."

तेवढ्यात बापूसाहेब आणि त्यांची माणसं आत आली. हातात दुधाच्या घागरी. मला वाटलं, पैलवानांना वाटायचं असेल. पुजारी पुढं झाला. बापूसाहेबांनी वर कॅमेऱ्याकडं बघत घागर उचलली आणि आप्पांच्या फ्रेमवर धरली.

मी म्हणलं, "बापूसाहेब, फ्रेमीवर नका. वरून भोकं हायत."

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागं सारलं. "काका, दुग्धाभिषेक हाय. मधे बोलू नका."

देवाच्या मूर्तीवर दूध ओततात हे समजतं, मूर्ती दगडाची असते. आमच्या भागात फोटोवर ओततात. फोटो पुढाऱ्याच्या बापाचा असेल तर घागरीनं ओततात. पहिली घागर काचेवरून गेली. दुसरीही. तिसरी वरच्या पट्टीवर थांबली आणि मी मोठ्या प्रेमानं पाडलेल्या भोकांतून आत उतरली.

आधी आप्पांच्या मिशा गेल्या. काळी रेघ ओठांवरून हनुवटीवर आली. मग चेहऱ्याचा गुलाबी रंग छातीवर उतरला, छातीचा मांड्यांवर, आणि लंगोटाचा लाल रंग निळ्यात मिसळून काचेच्या तळाशी जांभळं दूध जमलं. दोन-चार शिंतोडे शेजारच्या फ्रेमांत अठरावर आणि विसावर गेले. ते पैलवान होते तसेच राहिले. जुनी छापखान्याची शाई, तिला काय होतंय.

डीजेवाल्यानं गाणं थांबवलं नव्हतं, त्यामुळं सगळं वाजतगाजत झालं. मागून एका पैलवानाचा आवाज आला, "आप्पा विरघळले बे." कुणी हसलं नाही, पण बरेच जण खोकले.

बापूसाहेब माझ्याकडं आले. चेहरा शांत. पुढारी माणूस, चेहरा सांभाळायचंच शिक्षण. "काका, उद्याच्याला दुसरा करा. लॅमिनेशन करून. उद्या सांजच्याला पेपरवाले परत येणार हायत."

"बघतो," मी म्हणलं.

लोक जेवणाच्या पंगतीकडं गेले. भिवाबाबा तिथंच होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माजा पत्ता दे," ते म्हणाले. "मेंढरं उद्या दिस उगवायला हलणार."

पत्ता माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. दहा दिवस तो मी पेटीत ठेवला नव्हता की लावला नव्हता, नुसता बरोबर बाळगत होतो. मी तो काढला नाही.

"बाबा, तो खोटा पत्ता मी केला," मी म्हणलं. "माझ्या हातानं. कुणी जबरदस्ती केली न्हाई. म्हणाले तुला जमणार न्हाई, म्हणून केला."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. भिवाबाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आखाड्यात जोड बघतात तसं.

"आन् जमला व्हय तुला?"

"जमला होता. दूध पडंस्तवर."

ते हसले नाहीत, पण भुवई हलली. "मंग आता?"

"मेंढरं हलायच्या आधी तालमीत या. म्हातारीला अन् सुनांनाही आणा. पाच वाजता उघडती. तिथंच देतो पत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी तालमीत होतो. हत्यारांची पिशवी, दोन नव्या काचा, पुसायला धुतलेलं धोतर. वस्ताद दार उघडत होते. साठीचा माणूस, बापूसाहेबांनी नेमलेला. मी मधल्या फ्रेमकडं गेलो तसा त्यांनी विचारलं, "आप्पांचा नवीन आणला का?"

"न्हाई. एकोणीस नंबर आणलाय."

त्यांनी माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचे कान बघितले. पैलवानांना म्हणाले, "तोंडं तिकडं करा अन् जोर काढा," आणि स्वतःही भिंतीकडं पाठ करून उभे राहिले.

मी फ्रेम उघडली, जांभळं पाणी आणि लगदा काढला, दोन्ही काचा बदलल्या. कोपऱ्यांच्या टोप्या नव्या केल्या. पत्ता बसवायच्या आधी भिवाबाबांना विचारलं, "लावू?" त्यांनी म्हातारीकडं बघितलं. ती म्हणाली, "डबीत तंबाखूचा वास लागलाय त्याला. लावा." मधली घडी तशीच राहू दिली, कडेला हात लावला नाही. वरची भोकं मेणानं बुजवली. हवेचं बघू पुढं. मग मी बिजागरी काढून टाकली आणि चौकट चार लांब स्क्रूनं भिंतीत आवळली, पाठ भिंतीकडं, तोंड लोकांकडं. सुना पुढं आल्या. थोरलीनं पत्त्यावरच्या गड्याकडं बघितलं, मग सासऱ्याच्या कानाकडं, मग परत पत्त्याकडं, आणि धाकटीला कोपरानं ढोसलं.

मी पिशवीतून कानस काढली आणि पहिल्या स्क्रूचं डोकं घासायला लागलो, खाच जाऊन सपाट होईपर्यंत. आवाजानं वस्ताद वळले.

"आन् हे परत कसं निघायचं?"

"भिंत पाडावी लागंल," मी म्हणलं, आणि दुसऱ्या स्क्रूला कानस लावली.